घाटातल्या पाटीवाल्या

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मुख्य घुमटावर एका स्त्रीचा भव्य पुतळा आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती म्हणजे ‘प्रगती’. त्याच इमारतीच्या दर्शनी भिंतीवर रेल्वे आणणाऱ्या कर्त्या माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आहेत, जमशेटजी जीजीभॉय आहेत, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे संचालक आहेत. सगळे पुरुष. हाडामांसाच्या एकाच स्त्रीचे नाव या वास्तूला लाभले, ते इंग्लंडच्या राणीचे, आणि ते १९९६ पर्यंत राहिले. प्रगतीला स्त्रीचे रूप द्यायला आपल्याला कधी अडचण वाटली नाही. त्या प्रगतीसाठी राबलेल्या स्त्रियांची नावे लिहून ठेवणे मात्र राहून गेले.

ही रेल्वे पुण्याकडे गेली ती भोर घाटातून. १८५६ साली काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांनी मार्ग खुला केला. पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे. काम ऐन भरात असताना घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव रेल्वेच्या प्रत्येक इतिहासात येते, आणि ते यायलाच हवे. पण डोंगर फुटल्यावर त्याचा मुरूम, माती, दगड हलवायचा कोणी? त्या काळी मातीकामाची रीत ठरलेली होती. पुरुषाने खणायचे, बाईने पाटी भरून डोक्यावरून वाहायची, मुलांनी जमेल तेवढे उचलायचे. अख्खे कुटुंब कामावर असे. मजुरी बहुधा मुकादमामार्फत येई आणि बाईचा दर पुरुषापेक्षा कमी असे. कड्याच्या अंगाने, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटी घेऊन ती दिवसभर खेपा घाली. तळावर पटकीची साथ आली की तीच आजाऱ्यांचे बघे, मेलेल्यांसाठी रडे आणि पुन्हा पाटी उचले. तिच्या खेपांवर भराव उभे राहिले. त्या भरावांवरून आपण आजही जातो.

या घाटाच्या इतिहासात एका बाईचे नाव टिकले आहे. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याच्या काळात, १८५९ च्या सुरुवातीला, थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याने लवकरच काम सोडले. ते कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला. आल्यावर काही आठवड्यांतच आजारपणाने तो गेला. मागे राहिलेली त्याची पत्नी ॲलिस सामान बांधून परत जाऊ शकली असती. तिने कंत्राट स्वतःकडे घेतले, ॲडम्सन आणि क्लाऊझर या दोघा अनुभवी अभियंत्यांना कामावर नेमले आणि घाट पुरा करून घेतला. परक्या देशात, नवऱ्याच्या मृत्यूनंतर, त्या काळातल्या भारतातल्या सर्वांत अवघड रेल्वेकामांपैकी एकाची जबाबदारी तिने पेलली. तरीही कितीतरी वर्णनांत ती ‘ट्रेडवेलची विधवा’ एवढ्या ओळीपुरतीच उरते. तिला तिचे श्रेय पुरते मिळायला हवे असे माझे ठाम मत आहे. ती मालकीण होती आणि पाटीवाल्या तिच्या कंत्राटावर कमी मजुरीत राबत होत्या, हेही त्याच दमात सांगायला हवे. एकीच्या मोठेपणाखाली दुसरी झाकली गेली, तर आपण जुनाच अन्याय नव्याने करू.

नवऱ्यामागे त्याचे काम हाती घेणारी ॲलिस रेल्वेत एकटी नाही. आजही कितीतरी स्त्रिया या नोकरीत येतात त्या अनुकंपा तत्त्वावर. नवरा गँगमध्ये होता, खलाशी होता, फाटकावर होता. तो गेला आणि त्याच्या जागी ती आली. काल घरात चूल सांभाळणारी बाई आज खांद्यावर हत्यारे घेऊन रुळांवर चालते, गिट्टी सारते, सैल चाव्या ठोकून बसवते. ‘नवऱ्याच्या जागेवर लागली’ असे आपण सहज म्हणून जातो. जागा नवऱ्याची असेल, पण पुढची वीस-पंचवीस वर्षे केलेले काम तिचे स्वतःचे असते. निवृत्तीच्या दिवशी तरी हे तिला कोणी मोठ्याने सांगावे.

आपल्या मातीतले अभिमानाचे नाव म्हणजे सुरेखा यादव. साताऱ्याच्या मुलीने कराडला विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली, १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती सहायक चालक म्हणून रेल्वेत आली आणि आशियातली पहिली महिला रेल्वेचालक ठरली. मालगाडी, लोकल, घाटातली गाडी अशी एकेक पायरी ती चढली. ८ मार्च २०११ रोजी तिने पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला नेली, १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत. दोन्ही गाड्या भोर घाटातून उतरल्या. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली. तिचे कौतुक मनापासून झाले आणि ते योग्यच होते. २०१७ मध्ये माटुंगा स्थानकाचा सारा कारभार स्त्रियांकडे आला, २०२३ मध्ये जया वर्मा सिन्हा यांच्या रूपाने १९०५ पासूनच्या रेल्वे मंडळाला पहिली महिला अध्यक्ष मिळाली, तेव्हाही आपण आनंदलो.

पण पहिलीचा सत्कार करायला फारसे काही लागत नाही. हार, शाल, श्रीफळ, एक छायाचित्र. पन्नासावी आणि पाचशेवी जेव्हा येते तेव्हा व्यवस्थेला पैसे खर्चावे लागतात, सवयी मोडाव्या लागतात, आणि आपली नियत तिथे कळते. इंजिनात स्वच्छतागृह नाही ही चालकांची अनेक वर्षांची तक्रार आहे. पुरुषांनी ती कशीबशी सोसली. स्त्रिया आल्या तेव्हा ती सोसण्यापलीकडे गेली. पाणी पिणे टाळून तासन्‌तास गाडी हाकायची, पाळीच्या दिवसांतही तेच, हे त्या कितीदा सांगून थकल्या. काही इंजिनांत आता सोय होऊ लागली आहे. ती प्रत्येक इंजिनात व्हायला हवी. रुळांवर काम करणाऱ्या बाईला कपडे बदलायला आडोसा लागतो, तिच्या मापाचे बूट लागतात, रात्रीच्या गस्तीला सोबत लागते. महिला दिनाच्या व्यासपीठावर या मागण्या क्वचितच ऐकू येतात. ज्या सन्मानासाठी आपल्याला काहीच सोडावे लागत नाही, त्याला सन्मान म्हणायला माझे मन धजत नाही.

भोर घाटातल्या पाटीवाल्यांची नावे आता मिळणार नाहीत. तरी घाटाच्या इतिहासाची पाटी जिथे कुठे लागेल, तिथे बर्कले आणि ट्रेडवेल यांच्या बरोबरीने ‘इथे हजारो स्त्रियांनी माती वाहिली’ हे एक वाक्य लिहायला कोणाचीही हरकत नसावी. त्यासाठी संशोधनाची वाट पाहायला नको.

त्यांच्यानंतरच्या पिढ्यांची नावे मात्र अजून हातून गेलेली नाहीत. तुमच्या घरात, शेजारी, गावात एखादी आजी, मावशी, आत्या असेल, जिने रेल्वेत गिट्टी वाहिली, फाटक सांभाळले, डबे झाडले, इस्पितळात शुश्रूषा केली, तिकिटे विकली. येत्या रविवारी तिच्याजवळ बसा. तिचे पूर्ण नाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कुठल्या स्थानकावर, कोणते काम, किती पगार, काय सोसले, काय आवडले, हे तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. सेवापुस्तिकेची प्रत, ओळखपत्र, जुना फोटो असेल तर जपून ठेवा. त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला द्या, एक रेल्वेच्या वारसा दालनाला पाठवा आणि ती पोचली का, हे विचारत राहा.