लोकप्रिय चित्रपटाचा गुणदोषविचार आणि प्रेक्षकाची संमती

लोकप्रिय चित्रपटाच्या समीक्षेत जमाखर्चाची एक रीत रूढ झालेली दिसते. अभिनय, संगीत, कथेची बांधणी यांत जे साधले असेल ते जमेला धरायचे, भडकपणा, योगायोगांचा सुळसुळाट आणि प्रतिगामी आशय हे खर्ची टाकायचे, आणि उरलेली शिल्लक पाहून निवाडा द्यायचा. या रीतीमागे असे गृहीत आहे की, चित्रपटाचे गुण आणि दोष परस्परांपासून सुटे करता येतात. लोकप्रिय चित्रपटाच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. ज्या सामर्थ्यामुळे असा चित्रपट प्रेक्षकाला आपलासा करतो, त्याच सामर्थ्यातून पुष्कळदा त्याचा दोषही निपजतो. म्हणून शिल्लक किती उरली, याऐवजी प्रेक्षकाकडून मिळवलेल्या संमतीचे चित्रपटाने काय केले, हे पाहावे लागते. हा प्रश्न जितका सौंदर्यशास्त्राचा, तितकाच नीतीचा आहे.

मराठी सौंदर्यविचाराने या प्रश्नाची पूर्वतयारी करून ठेवली आहे. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाची कसोटी काटेकोरपणे लावली, तर बहुसंख्य लोकप्रिय चित्रपट विचाराच्या कक्षेबाहेरच राहतात. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवून अलौकिकतावादाबरोबर लौकिकतावादालाही स्थान दिले. लोकप्रिय चित्रपट उघडच लौकिक ध्रुवाजवळचा आहे. जीवनमूल्यांचा संबंध तोडून त्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही. परंतु येथे दुसरा धोका संभवतो. समीक्षक चित्रपटाच्या तात्पर्याची तपासणी करून त्याला सद्वर्तनाचे प्रमाणपत्र देऊ लागतो, किंवा नाकारू लागतो. या दोन्ही भूमिकांत प्रत्यक्ष प्रेक्षक गैरहजर असतो.

प्रेक्षकाला विचारात घेण्याची परंपरा मात्र जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या यशाचे मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार सांगितले आहेत. हसू, वाहवा, हळहळ, रोमांच ही मानुषी सिद्धीची लक्षणे होत. रंगमंडप भरलेला आहे आणि तरीही आवाज नाही, क्षोभ नाही, ही दैवी सिद्धीची खूण. या विभागणीतील धार्मिक छटा बाजूला ठेवली तरी एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. प्रतिसादाचे प्रमाण आणि प्रतिसादाचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्यांचे आणि उत्पन्नाचे हिशेब फक्त पहिली गोष्ट मोजतात.

शिवाय हे हिशेब कोठले, हाही प्रश्न आहे. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात सुमारे अडीच वर्षे चालला, हे मराठी चित्रपटाच्या इतिहासात वारंवार नोंदवले जाते. यात ‘लोक’ म्हणजे पुण्याचा प्रेक्षक. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यातल्या आखाडा बाळापूरसारख्या गावातून पाहिले, तर चित्र पालटते. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याची बोली, जमीनधारणा आणि शहराशी असलेले नाते पश्चिम महाराष्ट्राहून निराळे आहे. मराठी पडद्यावरचे खेडे मात्र प्रामुख्याने कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत घडले. पाटील, तमाशाचा फड, नदीकाठचा मळा आणि एक ठरीव ‘ग्रामीण’ भाषा असे त्याचे रूप. बाळापूरचा प्रेक्षक स्वतःचे नसलेले खेडे स्वतःचे म्हणून पाहत आला. त्याने दिलेली संमती ही ओळखीपेक्षा उदारतेतून आलेली होती. अशा उदारतेचा मोबदला चित्रपटाने काय दिला, हे विचारणे अनाठायी ठरू नये.

या दृष्टीने विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ (१९९१) पाहावा. नागर समीक्षेने त्याची अश्रूंचा कारखाना म्हणून वासलात लावली. परंतु सासरी छळ सोसणाऱ्या आणि माहेरी नकोशा ठरलेल्या मुलीचे दुःख येथे कोणत्याही संकोचाविना केंद्रस्थानी येते. घराच्या चार भिंतींत ज्याला नाव नव्हते, ते दुःख बायकांनी भरलेल्या चित्रपटगृहात सार्वजनिक झाले. हे सामर्थ्य नाकारणारा समीक्षक अर्धा चित्रपट पाहतच नाही. दोषही नेमका येथेच आहे. दुःख जितके खरे, तितके ते सोसण्याचे मोल वाढत जाते. नायिकेची थोरवी तिच्या सोसण्यावरच उभी असल्याने, तिने सोसणे थांबवले तर कथाच कोसळेल. दुःखाला मान्यता मिळते, न्याय मिळत नाही. मान्यतेच्या समाधानात न्यायाची मागणी विरून जाते.

दादा कोंडके यांच्या चित्रपटांत हीच गुंतागुंत हास्याच्या अंगाने येते. वसंत सबनीसांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘सोंगाड्या’पासून (१९७१) दादांनी लोकनाट्यातला भाबडा गडी पडद्यावर आणला. शहाण्यांची भाषा या गड्याच्या तोंडी आली की तिचे ढोंग उघडे पडते. द्व्यर्थी संवाद हे याचे हत्यार. शब्द निर्दोष असतो, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात असतो. साहजिकच सभ्यतेचा पहारेकरी स्वतःच आरोपी ठरतो. ही खेळी बुद्धिमान आहे आणि तिच्यात सामाजिक सूडाची गंमतही आहे. परंतु त्या दुसऱ्या अर्थाचे लक्ष्य वारंवार स्त्रीचे शरीर असते. वरच्यांना चिडवण्याची किंमत बाजूला उभी असलेली स्त्री चुकवते. येथेही गुण आणि दोष एकाच वाक्यात राहतात. वाक्य तोडल्याशिवाय ते वेगळे होत नाहीत.

यावरून गंभीर चित्रपट आपोआप निर्दोष ठरतो असे नाही. तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन लाभलेला ‘सामना’ साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या सत्तेची निर्भीड चिकित्सा करतो. चित्रपटभर विचारला जाणारा प्रश्न मारुती कांबळेच्या नाहीसे होण्याचा आहे. पण पडद्यावरचे द्वंद्व हिंदुराव आणि मास्तर या दोघांचे, आणि कांबळे उरतो तो मुख्यतः प्रश्न म्हणून. ज्याच्यासाठी न्याय मागायचा, तोच येथे सर्वांत कमी दिसतो.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) या चर्चेत निर्णायक ठरतो, कारण त्याने लोकप्रियतेची सर्व साधने पत्करली. गाणी, संथगती दृश्ये, पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला मुलगा यांचे प्रेम, हे सारे ओळखीचे आहे. मात्र भाषा ठरीव ग्रामीण नाही. ती करमाळ्याकडची आहे, आणि पळून गेलेले जोडपे पुण्यामुंबईऐवजी हैदराबादला पोहोचते. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला हा भूगोल परका नाही. पूर्वार्धात प्रेक्षकांनी चित्रपटगृहात नाच केला. शेवटी पडद्यावरचा आवाजच काढून घेतला जातो, आणि रक्ताची पावले उमटवत चालणारे मूल तेवढे उरते. मंडप भरलेला, आणि शब्द नाही. भरताने सांगितलेली ही खूण येथे वेगळ्याच अर्थाने प्रत्ययाला येते. नाचताना दिलेली संमती चित्रपट परत मागतो आणि तिचा जाब विचारतो.

तरीही जमाखर्च येथे मिटत नाही. ‘झिंगाट’ हे गाणे पुढे वरातींत वाजू लागले, आणि त्या वराती बहुतांशी जातीतल्याच लग्नांच्या होत्या. चित्रपटाने ज्या आनंदाचा आधार घेतला, तो आनंद शेवटापासून सुटा करून समाजाने सोयीस्करपणे वापरला. हा दोष चित्रपटाचा की प्रेक्षकाचा? दोघांचाही, असेच उत्तर द्यावे लागते. लोकप्रिय कृती ही दोघांनी मिळून पुरी केलेली असते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, रडणाऱ्या किंवा हसणाऱ्या माणसाचा न्याय करण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. अश्रूंचा न्याय करता येत नाही, कारण ते खऱ्या अनुभवातून आलेले असतात. पण अश्रू घेऊन चित्रपट प्रेक्षकाला कोठे नेऊन सोडतो, याचा न्याय करता येतो आणि केला पाहिजे. ज्याच्या खेड्याचे खोटे चित्र वर्षानुवर्षे दाखवले गेले आणि तरीही ज्याने ते आपले मानले, त्या प्रेक्षकाला तुच्छ लेखणारी समीक्षा त्याचे ऋण बुडवते. त्याच्या आवडीपुढे मान तुकवून गप्प बसणारी समीक्षाही तेच करते. दोन्ही ठिकाणी त्याच्याशी बोलण्यासारखे काही आहे, हेच नाकारलेले असते.