उघडे दप्तर व शेजारधर्म

एका मनुष्याने दहा वर्षांपूर्वी अपराध केला, न्यायाधीशाने त्यास शिक्षा सांगितली, व ती पुरी भोगून तो बाहेर आला. आता तो आपल्या आळीत बिऱ्हाड करू पाहतो, किंवा आपल्या दुकानी चाकरी मागतो. त्याने पूर्वी काय केले हे शोधून काढण्याचा आपणांस अधिकार आहे काय? आणि अधिकार असला, तर तो बजाविणे प्रत्येक वेळी योग्य आहे काय? हे दोन प्रश्न वरवर एकच दिसतात. परंतु ते एक नव्हेत, आणि त्यांतील अंतर वाचकांपुढे मांडावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे आहे. जी माता आपले लेकरू परक्या बाईच्या हाती सोपवून कामास जाते, तिने त्या बाईविषयी विचारपूस केली तर तिला कोण दोष देईल? उलट, ज्याने शिक्षा भोगली, ज्याच्या पदरी बायकोमुले आहेत, आणि जो प्रामाणिक कष्टाची भाकर मागत दारोदार फिरतो, त्यास प्रत्येक दारी तीच जुनी गोष्ट ऐकवून परत लाविले, तर त्याची शिक्षा संपली तरी कधी म्हणावी?

हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार उघडपणे पुढे आलेला आहे. म्हणून प्रथम तिकडची रीत सांगतो. त्या देशातील राज्यांचे लहान लहान विभाग आहेत, त्यांस कौंटी म्हणतात. असे विभाग सर्व मिळून ३,१०० हून अधिक आहेत. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायालय असते, तसे तिकडे कौंटीच्या मुख्य ठिकाणी असते, आणि फौजदारी खटल्यांचे दप्तर तेथेच राहते. उदाहरणार्थ, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी कौंटी घ्या. तेथे हे दप्तर सर्किट कोर्टाच्या क्लार्काच्या ताब्यात असते. हा क्लार्क म्हणजे आपल्याकडील साधा कारकून नव्हे. तो लोकांनी मते देऊन निवडलेला अधिकारी असतो. कोणीही मनुष्य, मग तो त्या खटल्यातील पक्षकार नसला तरी, कचेरीत जाऊन आरोपीचे नाव सांगून खटल्याचे कागद पाहू शकतो, व फी भरून त्यांच्या नकला घेऊ शकतो. मात्र अल्पवयी मुलांचे खटले आणि कायद्याने वा न्यायालयाच्या हुकुमाने झाकून ठेविलेले कागद ह्यांत येत नाहीत.

इतकेच नव्हे, तर त्या राज्यातील ७२ कौंट्यांच्या सर्किट कोर्टांतील खटल्यांचे सार १९९९ पासून इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळते. नाव घालावे, जन्मतारीख ठाऊक असल्यास तीही घालावी, म्हणजे आरोप कोणता, तो कोणत्या तारखेस दाखल झाला, आणि निकाल काय लागला, हे पुढे येते. पोलिसांनी बोटांचे ठसे घेऊन केलेल्या अटकांची नोंद निराळी असते. ती राज्याच्या न्यायखात्याकडे असून फी देऊन तिचा शोध करविता येतो. मध्यवर्ती सरकारच्या कायद्याखालील गुन्ह्यांचे खटले कौंटीच्या दप्तरात सापडतच नाहीत. त्यांची न्यायालये वेगळी, आणि त्यांचे कागद ‘पेसर’ नावाच्या वेगळ्या व्यवस्थेत पानामागे दहा सेंट देऊन पाहावे लागतात.

आता कोणी विचारील, की मनुष्याच्या लाजेची गोष्ट अशी चव्हाट्यावर का ठेवावी? ह्याचे उत्तर विचारपूर्वक ऐकावे. ही दप्तरे अपराध्यास लाजविण्यासाठी प्रथम उघडी केली नाहीत. न्यायाधीशावर लोकांची नजर राहावी म्हणून ती उघडी केली. जेथे न्याय बंद दाराआड होतो, तेथे निरपराध मनुष्य नाहीसा झाला तरी कोणास कळत नाही, आणि धनवान सुटला तरी कोणी बोट दाखवू शकत नाही. न्यायालयाचे कागद पाहण्याचा व त्यांची नक्कल घेण्याचा लोकांस सामान्य हक्क आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका निकालात मान्य केले. पण तो हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात सांगितले. तात्पर्य, दप्तर उघडे असणे ही गरिबाचीच ढाल आहे. ते बंद करावे असे आम्ही म्हणत नाही.

परंतु पूर्वी ह्या उघड्या दप्तरावर एक न दिसणारा पहारेकरी होता. तो म्हणजे अंतर. ज्यास कोणाचा पूर्ववृत्तान्त पाहावयाचा असे, त्याने एक दिवसाचे काम बुडवावे, कौंटीच्या गावी जावे, कचेरीत तिष्ठत बसावे, आणि जाडजूड वह्या चाळाव्या. तो मनुष्य चार कौंट्यांत राहिलेला असला तर चार ठिकाणी जावे. कारण खटला जेथे दाखल झाला तेथेच त्याची नोंद, राहत्या गावी नव्हे. एवढे श्रम ज्यास खरी गरज आहे तोच घेई. ज्यास केवळ कुतूहल, तो दोन पावलांवरूनच परत फिरे. म्हणजे सत्य उघडेही राही, आणि उगाच कोणाच्या अंगणात येऊनही पडत नसे.

ही गोष्ट १९८९ साली त्याच सर्वोच्च न्यायालयापुढे आली. मध्यवर्ती पोलीसखात्याने अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र करून एका मनुष्याचा जो गुन्हेवृत्तान्त बनविला होता, तो वृत्तपत्रवाल्यांनी मागितला. त्यांचे म्हणणे असे, की ह्यांतील प्रत्येक नोंद कोठे ना कोठे उघडीच आहे, मग एकत्र देण्यास हरकत कोणती? न्यायालयाने ती मागणी नाकारिली. गावोगावच्या कचेऱ्यांतून परिश्रमाने शोधून मिळणारे कागद आणि एका जागी आयता तयार असलेला सारांश ह्यांत मोठा भेद आहे, असा त्या निकालाचा आशय होता. आम्हांस हा विचार फार खोल वाटतो. विखुरलेल्या दहा नोंदींत मनुष्याचे बाकीचे आयुष्यही मधून मधून दिसत असते; त्या एका पानावर आणिल्या, की उरतो तो केवळ अपराध.

आणि आता तर अंतर नाहीसेच झाले. जेवताना एका हाताने मोबाइल चाळीत कोणीही कोणाचेही नाव घालू शकतो. पहारेकरी निघून गेला. त्याच्या जागी कोण उभा राहणार?

ही भीती काल्पनिक नव्हे. डेव्हा पेजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००१ साली त्याच मिलवॉकी शहरात एक परीक्षा केली व तिचे फळ २००३ साली प्रसिद्ध केले. सारखे शिक्षण व सारखा अनुभव सांगणारे तरुण त्यांनी ३५० ठिकाणी चाकरी मागण्यास पाठविले. जोडीतील एकाने आपण मादक पदार्थांच्या गुन्ह्याबद्दल तुरुंगात होतो असे सांगावे, दुसऱ्याने नाही; आणि ही पाळी उमेदवारांनी आलटून पालटून घ्यावी. डाग नसलेल्या गोऱ्या उमेदवारांस शेकडा ३४ ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले. डाग सांगणाऱ्या गोऱ्यांस शेकडा १७. डाग नसलेल्या काळ्या उमेदवारांस शेकडा १४, आणि डाग सांगणाऱ्या काळ्यांस अवघे ५. वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा पाहावे. ज्या काळ्या तरुणाच्या नावावर काहीच नव्हते, त्यास नावावर तुरुंग असलेल्या गोऱ्याहूनही कमी बोलावणी आली. म्हणजे दप्तर वाचणारा डोळा निर्मळ नसतो. आपल्या मनात आधीच जे लिहिलेले असते, तेच तो कागदावर वाचतो.

ह्या देशास तर हे परक्यांकडून शिकण्याची गरजच नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होण्याजोगा झाला. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या माणसांची नावे, त्यांनी काही केलेले असो वा नसो, सरकारी पुस्तकात चढली. त्यांस हजेरी लाविली, वस्त्यांत कोंडिले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला व त्या जमातींस विमुक्त हे नाव मिळाले. परंतु आजही गावात चोरी झाली, की प्रथम कोणाच्या पालाकडे बोट जाते, हे वाचकांस सांगावयास नको. कागद रद्द झाला, पण लोकांच्या मनातील नोंद पुसली गेली नाही. न्यायालयाची नोंद शाबीत झालेल्या कृत्याची असते, व ती नोंद केवळ जन्माची होती, हा भेद मोठा आहे खरा. पण दोन्ही ठिकाणी वाचणाऱ्याचे पाप एकच, ते हे की नाव पाहून त्याने माणूस पाहण्याचे सोडून दिले.

आज आपल्या तालुक्याच्या न्यायालयातील खटलाही ई-कोर्ट्सच्या व्यवस्थेत पक्षकाराचे नाव व वर्ष घालून शोधता येतो. म्हणून मिलवॉकीचा प्रश्न आपल्या वेशीवर येऊन उभा आहे. जे काम पूर्वी अंतर करीत असे, ते आता आपल्या विवेकास करावे लागेल. ते कसे करावे ह्याविषयी चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली, शोधण्यापूर्वी आपणांस आपले प्रयोजन विचारावे. मुलांची राखण, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, लोकांच्या पैशाची ठेव, अशी जोखीम कोणाच्या हाती द्यावयाची असेल, तर अवश्य शोधावे. तेथे न शोधणे ही दया नव्हे, तर दुर्बळांविषयी बेपर्वाई आहे. परंतु शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झाले म्हणून त्याचे नाव घालून पाहणे, ह्यास आम्ही चहाडीची तयारी म्हणतो.

दुसरी, जे सापडेल ते शेवटपर्यंत वाचावे. आरोप म्हणजे अपराध नव्हे. खटला काढून टाकला असेल, आरोपी निर्दोष सुटला असेल. अर्धे वाचून उठणारा खोटी साक्ष देणाऱ्याच्या पंक्तीस बसतो. शिवाय एका नावाची माणसे पुष्कळ असतात. जन्मतारीख, गाव, वडिलांचे नाव हे सर्व जुळल्यावाचून अमुक मनुष्य तो हाच, असे म्हणू नये. आणि नावावर काही सापडले नाही, म्हणून मनुष्य निर्मळ ठरला असेही नव्हे. दुसऱ्या कौंटीत, दुसऱ्या जिल्ह्यात काय आहे हे त्या पानास ठाऊक नसते.

तिसरी, अपराधाचा व कामाचा संबंध पाहावा. विस्कॉन्सिनचा कायदाच असे सांगतो, की जुन्या शिक्षेचा त्या विशिष्ट कामाशी खरोखर निकट संबंध असल्यावाचून धन्याने सामान्यतः तिच्यामुळे चाकरी नाकारू नये. आणि वर सांगितलेल्या इंटरनेटच्या दप्तरावरही ही ताकीद दिलेली आहे. ज्याने पैशाची अफरातफर केली त्यास तिजोरीची किल्ली देऊ नये. पण त्यास विहीर खणण्याचे, गाडी हाकण्याचे, भिंत बांधण्याचे काम का नाकारावे?

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत अवघड, ती ही की जे वाचले ते प्रथम त्या मनुष्याच्याच तोंडावर बोलावे. त्याच्या पाठीमागे दहा जणांस सांगण्यापूर्वी त्यास एकट्यास बोलावून म्हणावे, ‘बाबा रे, असे असे आम्ही वाचिले, तुझे म्हणणे काय?’ अमेरिकेत १९७० च्या कायद्याप्रमाणे, पैसे घेऊन असा वृत्तान्त पुरविणाऱ्या मंडळीकडून धन्याने चाकरीकरिता तो मागविला, तर उमेदवाराची लेखी संमती घ्यावी लागते, व त्यावरून चाकरी नाकारण्यापूर्वी त्याची प्रत उमेदवारास द्यावी लागते. परंतु जो फुकट दप्तर आपणच चाळतो, जो घरमालक, जो शेजारी, जो मंडळीचा पंच, त्याच्यापर्यंत असा नियम बहुधा पोहोंचत नाही. तेथे कायदा संपतो व शेजारधर्म सुरू होतो.

पौलाने फिलेमोनास लिहिलेले पत्र आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. अनेसिम धन्यापासून दूर गेला होता, त्याच्याकडे कदाचित काही देणेही निघत असेल; पौलाने ती गोष्ट लपविली नाही, ती पत्रातच लिहिली. पण लिहिताना त्याने आपले नाव त्या देण्याखाली घातले. नोंद खरी, आणि जामीनही खरा. आपल्या गावी कोणी तुरुंगातून परत येईल तेव्हा त्याचा कागद वाचणारे पुष्कळ मिळतील. त्याच्या कामाची सहा महिने देखरेख मी करितो, त्याची जबाबदारी माझ्यावर, असे म्हणणारा एखादा मिळेल काय? असा मनुष्य ज्या मंडळीत आहे, तेथे दप्तर कितीही उघडे राहिले तरी त्यापासून कोणाचा नाश होण्याचे भय नाही. असो. ज्यांच्या गावी ही गोष्ट उद्या खरोखर घडावयाची आहे, त्यांनी तिचा विचार आजच करून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.