चुरस आणि सचोटी

मोटारींच्या शर्यतींत आतां पूर्वींची चुरस राहिली नाहीं, अशी तक्रार या खेळाच्या जाणत्या प्रेक्षकांकडून वारंवार ऐकूं येते. ज्या शर्यतींस फॉर्म्युला वन म्हणतात आणि ज्यांत जगांतील निवडक वीस-बावीस चालक उतरतात, त्यांविषयीं तर ती विशेष जोरानें केली जाते. एकच संघ वर्षानुवर्षें जिंकतो, पुढें निघालेली मोटार पुढेंच राहते, आणि दोन तास बसूनहि पदरीं कांहीं पडत नाहीं, असें म्हणतात. तक्रार करमणुकीविषयींची, तेव्हां एवढ्या गंभीरपणें तिचा विचार करण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. परंतु आमच्या मतें या तक्रारीच्या पोटीं एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याचे परिश्रम, त्याचें कौशल्य आणि प्रसंगीं त्याचें प्राणसंकट आपण सुरक्षित जागीं बसून पाहत असतां, त्यांतून आपल्याला रोमांच मिळालाच पाहिजे, असें म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे काय, आणि असल्यास त्या मागणीस कोठपर्यंत मान द्यावा, हा तो प्रश्न होय.

प्रथम तक्रार खरी कीं खोटी, हें पाहूं. जागतिक अजिंक्यपदाच्या या शर्यती १९५० सालीं सुरू झाल्या. त्या पहिल्याच वर्षीं अल्फा रोमिओ या इटालियन संघानें ज्या सहा शर्यतींत भाग घेतला, त्या सहाहि त्यानें जिंकल्या. १९५२ मध्यें अमेरिकेंतील इंडियानापोलिसची शर्यत सोडल्यास बाकीच्या सातहि शर्यती फेरारीच्या वांट्यास गेल्या. १९८८ मध्यें मॅक्लारेननें सोळांपैकीं पंधरा, २००२ मध्यें फेरारीनें सतरांपैकीं पंधरा, आणि २०२३ मध्यें रेड बुलनें बाविसांपैकीं एकवीस शर्यती जिंकल्या. आपल्या देशांत २०११ पासून २०१३ पर्यंत ग्रेटर नोएडा येथें तीन शर्यती झाल्या. त्या तिन्ही सेबास्टियन फेटेल या एकाच चालकानें जिंकल्या. सारांश, एकाचें वर्चस्व हा या खेळाला अलीकडे जडलेला रोग नसून तो त्याचा जन्मस्वभाव आहे. अंतराचीहि तीच गोष्ट. १९६९ सालीं स्पेनमधील शर्यतींत जॅकी स्ट्युअर्ट दुसऱ्या क्रमांकाच्या चालकाच्या दोन फेऱ्या पुढें होता. उलट २०२४ सालीं सात निरनिराळ्या चालकांनीं प्रत्येकीं निदान दोन शर्यती जिंकल्या. आंकड्यांपुढें ही तक्रार टिकत नाहीं.

मग ही समजूत इतकी दृढ कां? १९७१ सालीं मोन्झा येथें पीटर गेथिन एका सेकंदाच्या शतांशानें जिंकला आणि पहिले पांच जण एका सेकंदाच्या आंत रेषा ओलांडून गेले, ही शर्यत सर्वांस ठाऊक आहे. त्याच काळांत ज्या शर्यतींत पहिला चालक एकटाच फिरत राहिला, त्या कोणाच्या स्मरणांत नाहींत. आपण गतकाळाचे उत्तम दिवस वर्तमानाच्या सामान्य दिवसांशीं ताडून पाहतों, आणि दोष मात्र वर्तमानाला देतों.

तथापि तक्रार सर्वस्वीं खोटी आहे, असेंहि म्हणतां येणार नाहीं. आजची मोटार हवेच्या दाबानें जमिनीस चिकटून वळण घेते. पुढील मोटारीच्या मागें ही हवा घुसळून निघालेली असते. त्यामुळें मागून येणाऱ्या मोटारीची पकड सुटूं लागते, आणि अंगीं अधिक वेग असूनहि तिला पुढचीच्या जवळ जाणें कठीण होतें. शिवाय पूर्वीं इंजिनें वारंवार बंद पडत. त्यामुळें दहा फेऱ्या उरल्या असतां जो पुढें असेल तोच जिंकेल, अशी खात्री कोणालाच नसे. आज यंत्रें क्वचितच दगा देतात, आणि मोटारीच्या प्रत्येक अवयवावर दुरून नजर ठेवणारे तज्ज्ञ बिघाड होण्यापूर्वींच चालकाला सावध करतात. २०२४ च्या मोनाको येथील शर्यतींत पहिले दहा जण ज्या क्रमानें निघाले, त्याच क्रमानें पोंचले. या शर्यतींच्या इतिहासांत असें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. चुरस पूर्वीं अधिक होती असें नाहीं, पण अनिश्चितता अधिक होती, एवढें कबूल केलें पाहिजे.

परंतु ती अनिश्चितता कशाची बनलेली होती, हें पाहिल्यावांचून तिच्यासाठीं हळहळणें योग्य नव्हे. तिचा एक घटक यंत्राची कमजोरी हा होता. दुसरा घटक मृत्यु हा होता. १९७० सालीं योखेन रिंट हा अजिंक्यपद निश्चित होण्यापूर्वींच मोन्झा येथें सरावांत मरण पावला, आणि तें पद त्याला मरणोत्तर मिळालें. १९७३ मध्यें हॉलंडमधील झांडफोर्ट येथें रॉजर विल्यमसनची मोटार उलटून पेटली. डेव्हिड पर्ली हा दुसरा चालक आपली मोटार थांबवून धांवत आला आणि ती पेटलेली मोटार उलथविण्याची धडपड एकटाच करीत राहिला. त्याच्या बाजूनें शर्यत चालूच होती. विल्यमसन वांचला नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्स्वा सव्हेर हा सहकारी अमेरिकेंत सरावांत ठार झाला, तेव्हां जॅकी स्ट्युअर्टनें आपली शंभरावी ठरणारी शर्यत न धांवतांच या खेळाचा निरोप घेतला. मार्गालगत कठडे असावेत, डॉक्टर आणि आग विझविणारे लोक जवळ असावेत, एवढेंच मागणाऱ्या या स्ट्युअर्टला त्या काळीं नांवें ठेवणारे कांहीं थोडे नव्हते. २०२० मध्यें बहारीन येथें रोमां ग्रोझाँची मोटार कठड्यावर आदळून दुभंगली व पेटली; तरीहि चालकाच्या डोक्याभोंवतीं २०१८ पासून सक्तीचें झालेलें धातूचें कडें असल्यामुळें तो ज्वाळांतून स्वतः बाहेर पडला. ज्यास पूर्वींचा रोमांच परत हवा असेल, त्यानें या दोन आगींपैकीं आपल्याला कोणती हवी आहे, तें मोकळेपणीं सांगावें.

मृत्यूचा रोमांच उघडपणें मागतां येत नाहीं. म्हणून नियमांच्या द्वारें रोमांच उत्पन्न करण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०११ पासून २०२५ पर्यंत, जो चालक पुढच्याच्या एका सेकंदाच्या आंत पोंचेल, त्याला ठराविक ठिकाणीं मागील पंखाची फळी उघडून वेग वाढविण्याची मुभा होती. पुढच्याला ती नव्हती. २०२१ पासून क्रमवारींत वर असलेल्या संघाला वाऱ्याच्या बोगद्यांत प्रयोग करण्यास कमी वेळ मिळूं लागला, व तळच्या संघाला अधिक. हे उपाय पाहून एखाद्यास एकलव्याच्या अंगठ्याची आठवण होईल: जो श्रेष्ठ, त्याचाच हात दुबळा करावयाचा! परंतु ही तुलना तपासून घेतली पाहिजे. द्रोणाचार्यांनीं अंगठा मागितला तो विद्या साध्य झाल्यानंतर, आणि एका विशिष्ट शिष्याचें श्रेष्ठत्व राखण्यासाठीं. येथें नियम सर्वांस आधींपासून ठाऊक असतो. आज जो वर आहे त्याला तो लागतो, उद्यां दुसरा वर गेला तर त्याला लागेल. असा नियम कृत्रिम असतो खरा. पण बुद्धिबळांतील घोड्यानें अडीच घरेंच कां चालावें, यालाहि निसर्गांत कांहीं आधार नाहीं. खेळ मांडण्यापूर्वीं सर्वांनीं जाणून पत्करलेला नियम कृत्रिमपणामुळें अन्यायाचा होत नाहीं.

मात्र तो शहाणपणाचा असेलच, असें नाहीं. मोनाकोच्या कंटाळ्यावर उपाय म्हणून २०२५ मध्यें तेथें प्रत्येक चालकानें निदान दोनदां टायर बदललेच पाहिजेत, असा नियम करण्यात आला. परिणाम असा झाला, कीं कांहीं संघांचा एक चालक मुद्दाम मंद गतीनें जाऊन मागच्यांना अडवून धरूं लागला, म्हणजे त्याच्या सहकाऱ्याला टायर बदलून परत येण्यास अवकाश मिळावा. जगांतील सर्वांत वेगवान मोटारींच्या शर्यतींत हळू जाणें हेंच कौशल्य ठरलें. रोमांचाच्या मागें हात धुऊन लागलें, कीं तो असा हातावर तुरी देऊन जातो.

पण हा झाला केवळ अव्यवहारीपणा. नीतीची मर्यादा ओलांडली जाते, ती खेळ चालू असतां रंगासाठीं नियम वांकविला जातो तेव्हां. २०२१ च्या अखेरच्या शर्यतीस, अबू धाबी येथें, लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टाप्पेन हे सारखेच गुण घेऊन उतरले होते. हॅमिल्टन पुढें असून थोड्याच फेऱ्या उरल्या असतां एक अपघात झाला, आणि सर्वांना संरक्षक मोटारीच्या मागें मंद फिरावें लागलें. एका फेरीनें मागें पडलेल्या मोटारींपैकीं या दोघांच्या मध्यें असलेल्या पांचांनाच पुढें जाऊं देऊन शर्यतीच्या संचालकांनीं अखेरची एक फेरी खुली केली. नवे टायर चढविलेला व्हर्स्टाप्पेन त्या फेरींत पुढें निघून गेला व अजिंक्य ठरला. यांत त्याचा कांहीं अपराध नव्हता. पुढें आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या चौकशींत मानवी चूक झाल्याचें व संचालकांचा हेतु शुद्ध असल्याचें नमूद झालें. निकाल मात्र कायम राहिला.

प्रस्तुत लेखकानें ती फेरी श्वास रोखून पाहिली, आणि ती संपतांच टाळीहि वाजविली, हें येथें सांगितलें पाहिजे. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मात्र मनास टोंचणी लागली. ती फेरी कोणासाठीं खुली करण्यात आली होती? शर्यती शक्य तों पूर्ण वेगांत संपाव्यात, मंद फेऱ्यांत संपूं नयेत, अशी इच्छा त्या क्षेत्रांत पूर्वींपासून बोलून दाखविली जात होती. आणि अशी इच्छा उत्पन्न होते ती आमच्यासारख्यांचा विरस होऊं नये म्हणून. एका मनुष्याच्या वर्षभराच्या श्रमांचा निकाल त्या एका फेरींत फिरला, आणि ती फेरी आमची करमणूक होती. चूक संचालकांची खरी. पण तिची फर्माईश करणाऱ्यांत टाळी वाजविणारेहि होते.

यावर असा आक्षेप येईल, कीं हा खेळ प्रेक्षकांच्या पैशावर चालतो; तेव्हां पैसे देणाऱ्यास रंग मागण्याचा अधिकार कां नसावा? आपल्या देशांत हा वाद फारच रोखठोक स्वरूपांत निघाला होता. ग्रेटर नोएडाची शर्यत क्रीडा नसून करमणूक आहे, असें धरून तिच्यावर कर मागण्यांत आला, आणि २०१३ नंतर ती शर्यत तेथें झाली नाहीं. तत्त्वज्ञांनीं विचारावयाचा प्रश्न कर वसूल करणारांनीं विचारला होता! त्याचें उत्तर आमच्या मतें प्रेक्षकांनींच २००२ सालीं ऑस्ट्रियांत देऊन ठेविलें आहे. तेथें रुबेन्स बारिकेलो विजयाच्या अगदीं जवळ पोंचला असतां संघाची आज्ञा आली, आणि रेषेपाशीं वेग कमी करून त्यानें मायकेल शूमाकरला पुढें जाऊं दिलें. दोघांतील अंतर अर्ध्या सेकंदाहूनहि कमी होतें. केवळ चुरस हेंच प्रेक्षकाचें दैवत असतें, तर त्या शेवटावर टाळ्यांचा कडकडाट व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत लोकांनीं हुर्यो उडविली, आणि शूमाकरनें बारिकेलोला विजेत्याच्या पायरीवर उभें केलें. आखाड्यांतील कुस्ती नुरा आहे, असें ओळखतांच गांवकरी ज्या संतापानें उठतात, तोच हा संताप. स्पर्धा ही करमणूक आहे खरी; पण ती करमणुकीसाठीं रचलेली आहे असें कळतांच तिच्यानें करमणूक होईनाशी होते. पैसे देणारा जें विकत घेतो तें हेंच, कीं येथें जें घडेल तें खरें घडेल. त्यापलीकडे रंग भरला, तर तो लाभ. न भरला, तर फसवणूक नव्हे.

या शर्यतींच्या इतिहासांतील एक नीरस शर्यत येथें सांगण्याजोगी आहे. १९५८ च्या ऑगस्टमध्यें पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या रस्त्यांवर स्टर्लिंग मॉस पांच मिनिटांहून अधिक अंतरानें जिंकला. दुसरा आलेला माइक हॉथॉर्न हा अजिंक्यपदासाठीं त्याचा प्रतिस्पर्धी होता. बंद पडलेली मोटार चालू करतांना हॉथॉर्ननें ती मार्गावर उलट दिशेनें नेली, असा आरोप येऊन त्याला बाद करण्याची वेळ आली. तेव्हां मॉस स्वतः पंचांपुढें गेला, आणि हॉथॉर्नची मोटार शर्यतीच्या मार्गावर नसून पदपथावर होती, अशी साक्ष त्यानें दिली. हॉथॉर्नचे गुण वांचले. वर्षअखेर हॉथॉर्नचे ४२ व मॉसचे ४१ असा हिशेब झाला. चार शर्यती जिंकणारा मॉस दुसरा आला, आणि एकच जिंकणारा हॉथॉर्न अजिंक्य ठरला. मॉस २०२० सालीं वारला. तें पद त्याला कधींच मिळालें नाहीं.

पांच मिनिटांच्या अंतराची ती शर्यत आज झाली असती, तर आपण मध्येंच उठून गेलों असतों, आणि चुरस राहिली नाहीं म्हणून तक्रार केली असती. पण ज्याच्या बदल्यांत मॉसनें अजिंक्यपद सोडलें, तें निकालाचें खरेपण आपण अबू धाबीला एका फेरीच्या रोमांचासाठीं सोडून दिलें. पुढील रविवारीं शर्यत रंगली नाहीं, तर कुरकुर करण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या मनाशीं एवढेंच विचारावें: जो जिंकला, तो खरोखर जिंकला कीं नाहीं? उत्तर होकारार्थी असेल, तर त्या शर्यतीकडे आपलें कांहींहि येणें राहिलेलें नाहीं.