नकाशाचा न्याय

"अर्धा नकाशा काढायचा, उरलेला अर्धा आरशातल्यासारखा उतरवायचा. झाला समतोल!" पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांचे नकाशे तयार करणाऱ्या एका मित्राचे हे वाक्य मला डाचते आहे. दोघांना तितकेच डोंगर, तितकीच गावे दिली की न्याय झाला, असे तो मानतो. मला ते पटत नाही. सारखेपणा कागदावर दिसतो. न्याय डावातच कळतो.

बुद्धिबळाच्या पटाइतका सारखा पट शोधून सापडायचा नाही, तरी पहिली खेळी करणाऱ्या पांढऱ्याचे पारडे थोडे जड असते. हे सर्वांना ठाऊक आहे. नकाशात याहून अवघड गोष्टी दडलेल्या असतात. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये आणलेला 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा मोफत खेळ घ्या. षट्कोनी घरांच्या नकाशावरची गावे ताब्यात घेऊन सोने मिळवायचे आणि त्या सोन्यावर फौज उभारायची. खेळात सहा पाळ्यांचा एक दिवस असतो. माणसांच्या बहुतेक सैनिकांचा मारा दिवसा २५ टक्क्यांनी वाढतो आणि रात्री तितकाच घटतो. मृतांच्या सेनेचे नेमके उलटे. आता दोन किल्ल्यांमधले अंतर पाहा. फौजा तिसऱ्या पाळीला भिडल्या तर दुपार असते, पाचव्या पाळीला भिडल्या तर रात्र. म्हणजे दोन्ही बाजू हुबेहूब असूनही केवळ लांबीमुळे नकाशा कुणाला तरी झुकते माप देतो. मधे रान वाढवले की एल्फांचे फावते. उथळ पाणी वाढवले की माणसांचे पायदळ उघडे पडते, कारण तिथे शत्रूचा वार लागण्याची शक्यता ८० टक्के असते.

मित्र म्हणतो, "मग भरपाई द्या." 'ॲडव्हान्स वॉर्स'च्या स्पर्धांमधल्या नकाशांत दुसऱ्या खेळाडूला पायदळाची एक तुकडी आधीच दिलेली असते. हा उपाय चांगला आहे, पण ती भरपाई किती असावी हे ठरवायचे कोणी?

इथे 'गो' या खेळाकडे थोडे वळतो. त्यात काळा आधी खेळतो, म्हणून पांढऱ्याला जादा गुण देतात. जपानमध्ये हे गुण दीर्घकाळ साडेपाच होते. या शतकाच्या आरंभी ते साडेसहा झाले. पट तोच, नियम तेच. काळा अजूनही जास्त जिंकतो, हे खेळल्या गेलेल्या डावांच्या निकालांनी दाखवून दिले.

लिहायला बसलो तेव्हा समतोल ही नकाशाकाराचीच जबाबदारी, असे माझे मत होते. 'गो'चा हा इतिहास ते मत टिकू देत नाही. शतकानुशतके खेळल्या गेलेल्या पटाचा हिशेब आधी बसवता येत नसेल, तर काल काढलेल्या नकाशाचा कसा बसणार? 'हेक्स' या खेळात पहिल्या खेळाडूला जिंकण्याचा मार्ग नक्की असतो, हे जॉन नॅश यांनी सिद्ध केले. तिथला उपाय म्हणजे अदलाबदलीचा नियम: पहिली खेळी पाहून दुसऱ्याने हवी ती बाजू घ्यायची. भावांच्या वाटणीत एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा, तसेच हे. वाटे पाडणाराच मग काळजीने पाडतो.

म्हणून नकाशा करणाऱ्यांना माझे सांगणे आहे: आरशाचा हट्ट सोडा. दोन बाजू बिनधास्त वेगळ्या काढा, भरपाईचा आकडा एका खेळाडूला ठरवू द्या आणि बाजू दुसऱ्याला निवडू द्या. मग निकालांची नोंद ठेवा आणि त्यांच्या आधारे नकाशा पुन्हा पुन्हा दुरुस्त करा.