कोंगा शिकताना कुणाचं ऐकावं

तबल्याच्या तालमीत पुस्तक फार उशिरा येतं. आधी बोल तोंडात बसतात, मग हातात, आणि कागद आठवणीपुरता. आज कोंगा, हा क्यूबाचा हातांनी वाजवायचा ढोल, शिकू पाहणाऱ्याची वाट नेमकी उलटी आहे. पुस्तकं, व्हिडिओ, सरावाची अ‍ॅप्स यांचा ढीग आधी पुढे येतो. ज्या गर्दीत हे वाद्य वाजतं ती गर्दी कधी भेटेल याची खात्री नसते. या ढिगातून निवड करताना मी एकच गोष्ट पाहतो. कोंगाच्या ठेक्याच्या डोक्यावर क्लाव्हे, म्हणजे क्यूबाच्या संगीताचा पाच ठोक्यांचा मूळ साचा, लिहिलेलं आहे का? नसेल, तर ते पुस्तक हात शिकवेल, संगीत शिकवणार नाही.

सर्वांत प्रचलित ठेका टुंबाओचा. आठ घातांचा. डावा तळवा, डावी बोटं, उजवी चापट, पुन्हा डावी बोटं. मग डावा तळवा, डावी बोटं, आणि शेवटी उजव्या हाताचे दोन खुले, घुमणारे आघात. करून पाहा, तासाभरात हात चालू लागेल. अडचण पुढे आहे. आपला कान समेवर पोसलेला. जिथे वजन पडतं तिथे आवर्तन सुरू होतं, असं तो धरून चालतो. इथे पहिला घात दबलेला आणि घुमारा सातव्या-आठव्यावर. क्यूबाच्या संगीतातला बासही पुष्कळदा चौथ्या ठोक्यावर उतरून पुढची पहिली जागा मोकळी सोडतो. त्यामुळे तबल्याची तालीम झालेला माणूस ते दोन खुले आघातच सम समजतो, आणि अख्खं गाणं त्याच्या कानात उलटं होऊन बसतं.

ते सुलटं करायला क्लाव्हे लागतं. लाकडाच्या दोन दांडक्यांवरचे पाच ठोके. १६ मात्रांवर मांडले तर सोन या गीतप्रकाराचं क्लाव्हे १, ४, ७, ११ आणि १३ वर पडतं. रुंबा या नाच-गाण्याच्या प्रकारात तिसरा ठोका सरकून ८ वर जातो. एवढ्याशा सरकण्याने सगळा डौल बदलतो. आता शेजारी तीनताल ठेवा: टाळी १, ५, १३ वर, खाली ९ वर. पहिली आणि तेरावी जागा जुळते, आणि नवव्यावर क्लाव्हेही गप्प असतं. या दोन परंपरांचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही, पण मराठी विद्यार्थ्याला पाय ठेवायला ही जागा पक्की आहे. मात्र जपून. गाणं क्लाव्हेच्या दोन ठोक्यांच्या (११ आणि १३ च्या) अर्ध्यापासूनही सुरू होतं, आणि आठ घातांचा टुंबाओ आपण कोणत्या अर्ध्यात आहोत हे स्वतःहून सांगत नाही. ते इतरांकडून ऐकून कळतं.

कोंगा आणि क्लाव्हेची ही गुंफण एका माणसाने रचलेली नाही. क्यूबाचा वाद्यवृंदप्रमुख आर्सेनियो रोद्रिगेस याने १९४० च्या सुमारास आपल्या वाद्यवृंदात कोंगा आणला, त्याआधी तो रस्त्यावरच्या रुंबाचा होता. १९४७ मध्ये कोंगावादक चानो पोसो न्यूयॉर्कला ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीच्या जॅझमध्ये शिरला आणि पुढच्याच वर्षी मारला गेला. १९६२ च्या अमेरिकी निर्बंधांनी क्यूबातून येणारी वाद्यं थांबली. बोंगो (छोट्या ड्रमची जोडी) मिळेना म्हणून मार्टिन कोहेनने न्यूयॉर्कमध्ये स्वतःच ते बनवायला घेतले आणि १९६४ मध्ये एलपी (लॅटिन पर्कशन) ही कंपनी उभी राहिली. वाद्यांसारखंच शिक्षणाचंही झालं असावं: पाण्यापलीकडचा उस्ताद दुरावला, की त्याची जागा छापील पान घेतं.

या पानांपैकी काही अस्सल आहेत. टोमास क्रूझची तीन खंडांची पद्धती हातांच्या शिस्तीसाठी उत्तम. पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते मायकल स्पायरोचं २००६ चं कोंगा मार्गदर्शक. रुंबातले घात धड चारच्या गतीत बसत नाहीत, धड सहाच्याही नाही. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तिरके पडतात. स्पायरो या जागेला 'फिक्स' म्हणतो आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने लिहितो. जी गोष्ट कागदावर पुरती उतरत नाही तिच्यावर बोट ठेवणारं पुस्तक मला निर्दोष दिसणाऱ्या दहा पुस्तकांपेक्षा मोलाचं वाटतं. आपल्या लयकारीतही ही जागा आहे. चतुश्र आणि तिश्र दोन्ही येणाऱ्याला त्यांच्या मधोमध उभं राहायला मात्र वेगळं धैर्य लागतं.

मुंबईला कोंगा परका नाही. तालवादक कावस लॉर्ड यांच्या पिढीने लॅटिन तालवाद्यं हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात आणली, आणि आपल्या ऑर्केस्ट्रांमध्ये 'कोंगो-तुंबा' आजही शेजारी शेजारी उभे असतात. तिथले हात तयार आहेत. क्लाव्हेचा कान मात्र वेगळा कमवावा लागतो, कारण सिनेमाचं गाणं बहुतेक वेळा केरव्याच्या अंगाने चालतं.

म्हणून सुरुवात ऐकण्याने करावी. मातान्सासच्या लोस मुन्येकितोस या १९५२ पासूनच्या मंडळींचं एखादं ग्वाग्वांको (रुंबाचा एक प्रकार) घ्यावं आणि पहिल्या ऐकण्यात फक्त क्लाव्हेची टाळी द्यावी. नंतर सर्वांत खर्जातला सालिदोर धरावा, मग त्याला उत्तर देणारा मधला ड्रम. वरचा क्विंतो, जो नाचणाऱ्याशी बोलतो आणि ज्याच्याकडे कान आधी धावतो, तो सर्वांत शेवटी.