हात मोकळे!

गाडीसाठी ब्लूटूथ घ्यावं म्हणून जवाहरनगरहून भंडाऱ्याला गेलो. माणसं जोडणाऱ्या दहाव्या शतकातल्या डॅनिश राजाचं, हॅराल्ड ब्लूटूथचं, नाव या यंत्राला दिलंय म्हणे. दुकानदाराने तीन नमुने मांडले. एक ऊन अडवायच्या पट्टीला अडकवायचा, दुसरा लायटरच्या भोकात खुपसून रेडिओवर ऐकायचा आणि तिसरा आमच्याच बँकेतून कर्ज काढून घ्यायचा!

"साहेब, हात मोकळे राहतील!"

हातांबद्दल माझा वाद नव्हता. कायदाही हातच पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक ठरलंय. पण मन कुठे गुंतलंय, हे कोणता हवालदार तपासणार?

नोटा मोजताना शेजारच्याने नुसतं "चहा घेता का?" विचारलं तरी माझी मोजणी चुकते. कॅशमधली तूट मी पगारातून भरतो. महामार्गावर चुकलो, तर समोरच्या सायकलवाल्याची तूट कुठल्या खात्यातून भरू?

काहीच न घेता निघालो. वाटेत फोन वाजला. गाडी कडेला घेतली, उचलला.

"अहो, येताना सांबार आणा."

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. एका जुडीपायी कुणाचा तरी जीव टांगणीला लागला असता. आणि माझे हात मात्र अगदी मोकळे!