आदला दिवस

‘अ‍ॅबा’ या स्वीडिश चौकडीचं १९८२ सालचं ‘द डे बिफोर यू केम’ ब्रिटनमध्ये जेमतेम ३२व्या क्रमांकावर पोचलं. चाहत्यांत दोन तट: काहींच्या मते सर्वोत्तम रचना, इतरांच्या मते धृपदच नसलेलं रडगाणं. ‘तो’ यायच्या आदल्या दिवशी बाईनं काय केलं असेल? गाडी, कचेरी, जेवण, टीव्ही, झोप! येणारा प्रियकर की काळ, यावरही भांडण.

अहो, हे गाणं मी बँकेत रोज जगतो! मग आदले दिवस वायाच का? आमच्याकडे कालची शिल्लक ओढल्याशिवाय आजचा हिशेब सुरूच होत नाही.

हे तत्त्वज्ञान सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, “मला बघायला आलात, त्याच्या आदल्या दिवशी काय करत होतात?”

आठवेना. “बँकेत गेलो असेन... डबा खाल्ला असेल...”

गाणं तेव्हा कळलं.